एका टाकीत किती जाते?

रविवारी रात्री नऊ वाजता आमच्याकडे फोन येतो. तोक्योत नऊ म्हणजे फलटणला साडेपाच. आप्पांचा चहा झालेला असतो, आई देवापुढं दिवा लावायच्या तयारीत असते. त्या दिवशी फोन आला तेव्हा माझ्या हातात पीएस-५ चा कंट्रोलर होता.

"काय करतोयस?"

"गाडीतलं पेट्रोल संपवतोय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आप्पा म्हणाले, "गाडी घेतलीस? बोलला नाहीस."

गाडी वगैरे काही घेतलेली नाही. आम्ही राहतो कोतो वॉर्डात, ओजिमाला. खाली उतरलं की पाच मिनिटांत मेट्रो, भाजीला सायकल, आणि पार्किंगचं महिन्याचं भाडं ऐकलं की गाडीची हौस आपोआप फिटते. माझी गाडी टीव्हीच्या पडद्यावर होती. ग्रान तुरिस्मो ७ नावाच्या शर्यतीच्या खेळात मी एकटाच फुजी सर्किटवर गोल गोल फिरत होतो. समोर स्पर्धक नाही, जिंकायचं काही नाही. टाकी भरायची आणि ती रिकामी होईपर्यंत किती फेऱ्या होतात ते मोजायचं. बायको याला 'तुझं ऑडिट' म्हणते.

आप्पांना हे समजावून सांगितलं. वाटलं होतं, हसतील. पण तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस हसला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो महाराष्ट्रात कुठल्याही गाडीबद्दल सगळ्यात आधी विचारला जातो : "मग, किती देते?"

या प्रश्नाच्या उत्तरामागे गेलं वर्षभर आमचं अख्खं घर लागलं होतं. त्याची ही गोष्ट, आणि त्यावरून माझं झालेलं एक मत.

आधी खेळाबद्दल. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी संगणकावर पहिली गाडी चालवली ती रोड रॅश किंवा नीड फॉर स्पीडमध्ये. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या लॅनवर रात्र रात्र 'मोस्ट वॉन्टेड' चालायचं. पोलीस मागे लागायचे, गाड्या उलट्यापालट्या व्हायच्या, पण पेट्रोल कधी संपायचं नाही. ते कुणाला खटकायचंही नाही. बाइकमध्ये पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकून महिना काढणाऱ्या पोरांना तेवढंच सुख. खरं तर शर्यतीच्या खेळात पेट्रोलचा काटा ही जुनी गोष्ट आहे. नाम्को या जपानी कंपनीच्या १९८० सालच्या 'रॅली-एक्स'मध्ये तो होता. मागच्या गाड्यांना चकवायला धूर सोडला की पेट्रोल आणखी लवकर उतरायचं. संपलं की गाडी रांगायला लागायची. ग्रान तुरिस्मोतही टाकी रिकामी झाली की गाडी ठप्प होत नाही, रांगत राहते. हातात कॅन घेऊन पंपापर्यंत चालत जायची वेळ हे दोन्ही खेळ आणत नाहीत.

ग्रान तुरिस्मोचा पहिला भाग जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरमध्ये आला. काझुनोरी यामाउची हे त्याचे कर्ते. त्यांचा हट्ट असा की खऱ्या गाडीचं शक्य तितकं सगळं खेळात आलं पाहिजे. म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यतीत टायर झिजतात आणि पेट्रोल उतरतं. सातव्या भागात गाडी चालवता चालवता इंधनाचा 'मॅप' बदलता येतो. १ वर पूर्ण ताकद आणि पूर्ण खप, ६ वर ताकद कमी आणि खपही कमी. शर्यत स्वतः मांडली तर पेट्रोल किती पटीनं उतरावं तेही ठरवता येतं, नाहीतर एक टाकी संपवायला अख्खी रात्र जाईल.

आणखी एक सोय आहे, जी माझ्यासारख्या माणसाला बिघडवते. खेळ चालू असताना तो घरातल्या नेटवर्कवर गाडीची माहिती सेकंदाला साठ वेळा पाठवत असतो : वेग, गिअर, इंजिनाचे फेरे, टाकीत उरलेलं पेट्रोल. ती पाकिटं कुलूपबंद असतात, पण जगभरातल्या हौशी मंडळींनी ते कुलूप केव्हाच उघडलंय. मी एका रात्रीत छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि आकडे वाचायला लागलो. पहिलाच धक्का टाकीचा. जवळजवळ प्रत्येक गाडीची टाकी १०० लिटरची! इथल्या केई गाड्या, म्हणजे ६६० सीसीच्या पिटुकल्या डबीसारख्या गाड्या, खऱ्या आयुष्यात तीसएक लिटर घेतात. खेळात त्यांनाही १०० लिटर. गो-कार्टला ५. आणि इलेक्ट्रिक गाडीला सरळ शून्य. त्या शून्यानं माझा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी कोसळला, कारण मी उरलेलं पेट्रोल टाकीनं भागत होतो. पाचवीतलं गणित, दहा वर्षांचा अनुभव, आणि भागिले शून्य!

हे ऐकून मात्र आप्पा हसले. "म्हणजे डबड्यालाबी एसटीएवढी टाकी?"

म्हणजे 'एका टाकीत किती जाते' हा प्रश्नच खेळात फसवा आहे. टाकी हे माप नव्हेच. तरी त्यातून एक गोष्ट लख्ख कळते, कारण खेळात बाकी सगळं तसंच ठेवून फक्त एक गोष्ट बदलता येते. तीच गाडी, तोच रस्ता, तेच टायर, हवा नाही, ट्रॅफिक नाही. मी एक साधी छोटी स्पोर्ट्स कार घेतली. पूर्ण पाय दाबून, प्रत्येक गिअर शेवटपर्यंत खेचत चालवली तर अकरा फेऱ्यांत टाकी रिकामी. मॅप तोच ठेवला, पण गिअर लवकर टाकले आणि वळणाच्या शंभर मीटर आधीच पाय उचलून गाडी तशीच वाहू दिली, तर चौदा फेऱ्या. फेरीमागे चारेक सेकंद जास्त लागले, एवढंच. गाडीत काहीही बदललं नव्हतं. बदलला होता पाय.

आप्पांच्या आगारात या गोष्टीला केपीटीएल म्हणायचे, दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर. प्रत्येक चालकाचा हिशेब व्हायचा. लहानपणी 'केपीटीएल' हा शब्द मी 'पगार' या शब्दाच्या आधी ऐकला असेन. ज्या महिन्यात तो वाढायचा त्या महिन्यात आप्पा घरी येताना भेळ आणायचे. ते सांगायचे, "ब्रेक मारला म्हणजे आधी जाळलेलं डिझेल रस्त्यावर सांडलं." मी फुजी सर्किटवर रात्री अकरा वाजता जे शोधून काढलं, ते आमच्या घरात भेळीच्या पुड्यासोबत वर्षानुवर्षं येत होतं.

आता खरी गोष्ट. २०१४ साली घेतलेली आमची छोटी पेट्रोल गाडी आहे. आप्पा निवृत्त झाल्यापासून ती त्यांचीच. डॅशबोर्डच्या खणात एक वही असते. तारीख, मीटर, लिटर, रुपये. एकही भरणा चुकलेला नाही. मागच्या दीड-दोन वर्षांत वहीतलं ॲव्हरेज उतरायला लागलं. साडेसतरा-अठराचं सोळावर, मग कधी साडेपंधरावर. त्यांनी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, सर्व्हिसिंग केलं. फरक नाही. सर्व्हिसवाल्यानं सांगितलं, "काका, गाडीचं वय झालं." माझा चुलतभाऊ, जो स्वतः भाड्याची गाडी चालवतो, तो आणखी पुढं गेला : "आप्पा, गाडीचं नाही, तुमचं वय झालं. क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही आता."

आणि मी? मी इथून, सहा हजार किलोमीटरवरून, त्यात भर घातली. बहीण आणि मी तसंही त्यांना गाडी सोडायला सांगतच होतो. अडुसष्ट वय, हायवे, रात्रीचे समोरचे झोत. परदेशात बसलेल्या मुलांना आईवडिलांबद्दल काळजी करायला एखादं कारण हवं असतं आणि ते कारण आकड्यात मिळालं तर फारच बरं. मी म्हणालो, "आप्पा, ॲव्हरेज कमी होतंय म्हणजे कुठंतरी चालवण्यात फरक पडलाय ना. ड्रायव्हर ठेवू या." ते काही बोलले नाहीत. त्यानंतर दोन रविवार फोन आईनंच केला.

मी काय बोललो हे मला खेळातल्या त्या चौदाव्या फेरीनंतर उमगलं. चाचणी न करताच निकाल दिला होता. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला हाकलला असता. प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून थेट लिहिणाऱ्याला दोष? आधी बघ की खाली काय काय बदललंय.

आणि खाली एक मोठी गोष्ट बदलली होती : पेट्रोलच. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. आधी २०३० साठी ठरवलेलं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. हे मत नाही, रसायनशास्त्र आहे. म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल असेल तर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्के घटते. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात हे स्वच्छ लिहिलंय : शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आरडाओरडा झाल्यावर पेट्रोलियम मंत्रालयानं जे निवेदन काढलं त्यात जुन्या गाड्यांसाठी हाच आकडा ३ ते ६ टक्के झाला होता, आणि भीती अनाठायी आहे असंही म्हटलं होतं. ई-२० पेट्रोलबरोबर दुसरा पर्याय पंपावर असावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

सहा टक्के म्हणजे किती? आमच्या गाडीच्या ३५ लिटरच्या टाकीत साधारण साडेपाचशे किलोमीटर होतात. त्याचे सहा टक्के म्हणजे तेहतीस-चौतीस किलोमीटर. आप्पांनी लगेच भाषांतर केलं : "म्हंजे प्रत्येक टाकीमागं फलटण ते नातेपुते चालत जायचं."

मग आम्ही चाचणी करायचं ठरवलं. माफी मागायची हीच एक पद्धत मला जमते.

रस्ता ठरला फलटण ते पंढरपूर आणि परत. पालखी मार्ग आता चौपदरी झालाय, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, सगळा सपाट. एका फेरीचे मीटरवर २११ किलोमीटर. नियम मी खेळातून उचलले. पंप तोच, नोजल तेच, पहिला खटका पडला की थांबायचं, 'अजून बसतंय साहेब' म्हणत पोरगं दाबायला लागलं तरी नाही म्हणायचं. टायरची हवा पहाटे, गाडी थंड असताना. एसी बंद. वेग सत्तर. जपानीत या पद्धतीला नाव आहे, 'मानतान-हो', मानतान म्हणजे टाकी फुल्ल. इथं भाड्याची गाडी परत करतानाही टाकी मानतान करूनच द्यावी लागते, त्यामुळे ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही तो शब्द येतो.

आईची एकच अट होती : जायचंच आहे तर एकादशीला जाऊ. आप्पा म्हणाले, एकादशीला गर्दी, गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगणार, चाचणी बिघडेल. आई म्हणाली, विठ्ठलाकडे जाताना ॲव्हरेज मोजणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय. शेवटी दशमीवर तडजोड झाली.

पहिल्या फेरीला १३.१ लिटर लागलं, दुसऱ्या फेरीला १२.२, तिसऱ्या फेरीला १३. दुसरी फेरी बघून चुलतभाऊ म्हणाला, बघा, त्या दिवशी आप्पा नीट चालवत होते. मी म्हणालो, तसं नाही. नोजलचा खटका कधी अर्धा-पाऊण लिटर आधी पडतो. तेरा लिटरच्या भरण्यात अर्धा लिटर म्हणजे जवळजवळ चार टक्के. आपण शोधतोय पाच-सहा टक्क्यांचा फरक, तो या गोंधळात सहज लपतो. व्हॉट्सॲपवर "माझं ॲव्हरेज निम्मं झालं" असं सांगणारे आणि "मला काहीच फरक नाही" असं सांगणारे, दोघंही बहुतेक एकाच भरण्यावरून बोलत असतात. म्हणून तिन्ही फेऱ्या एकत्र धरायच्या : ६३३ किलोमीटर, ३८.३ लिटर, साडेसोळा.

आता वहीत मागे गेलो. २०१८ मध्ये याच गाडीनं आप्पा तीनदा पंढरपूरला जाऊन आले होते. सरासरी १७.६. फरक बरोबर सहा टक्क्यांच्या जवळ. इतका नेमका जुळला की मलाच संशय आला. तेव्हा मिश्रण पाचएक टक्के होतं, म्हणजे ई-२० मुळे होणारी घट पाच टक्क्यांच्या आसपास यायला हवी. आणि तेव्हा गाडी चार वर्षांची होती, आता तिप्पट जुनी. उलट तेव्हा रस्ता अरुंद होता, ट्रॅक्टरमागं रखडायला लागायचं, आता तसं नाही. गाडीचं वय ॲव्हरेज खाली ओढतं, रस्ता वर ढकलतो. यातलं किती कशामुळे, हे आमच्या वहीतून सांगता येत नाही. खेळात फक्त एक गोष्ट बदलता येते. फलटणला एकाच वेळी सगळंच बदललेलं असतं.

पण एक गोष्ट मात्र आम्हाला पूर्णपणे वेगळी काढता आली : पाय. मी चुलतभावाला म्हणालो, तूच चालव ना तीच गाडी, त्याच रस्त्यावर, त्याच पंपावर. बिचाऱ्यानं दोन फेऱ्या मारल्या. ४२२ किलोमीटर, २९.८ लिटर. चौदाच्या जरासं वर. आप्पांचे साडेसोळा, पस्तिशीतल्या धडधाकट, रोज गाडी चालवणाऱ्या माणसाचे चौदा. इथेनॉलनं जे नेलं त्याच्या दुपटीहून जास्त त्याच्या पायानं नेलं. आप्पांनी त्याला काही ऐकवलं नाही. "तुला घाई असते रे, भाडं असतं," एवढंच म्हणाले. मला मात्र फोनवर हळूच विचारलं, "तुझ्या त्या कंप्यूटरमदी हे लिहून ठेवलंस का?"

ठेवलंय. ड्रायव्हर ठेवायचा विषय मी पुन्हा काढलेला नाही. रात्री न चालवण्याबद्दल मात्र अजून भांडतो, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही.

आता माझं मत. ते इथेनॉलच्या विरोधात नाही. आमच्याच घरात धाकटे चुलते ऊस लावतात. ते म्हणतात, कारखान्याला इथेनॉलचे पैसे लवकर मिळतात म्हणून आमचं बिल लवकर निघतं. ज्यानं बिलासाठी दोन-दोन हंगाम कारखान्याचे उंबरे झिजवलेत, त्याला नातेपुत्याच्या चौतीस किलोमीटरची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटत नाही. देशाचं तेलाचं आयात बिल कमी होणं हीसुद्धा खोटी गोष्ट नाही. पण लिटरमागची ऊर्जा कमी झाली आणि लिटरचा भाव तोच राहिला, तर किलोमीटरचा भाव वाढला. तो किती वाढला हे माझ्या गाडीपुरतं मला कुणीतरी सांगितलं पाहिजे. सरासरी नको, 'साधारण ३ ते ६' नको. माझ्या मॉडेलचा, माझ्या सालचा आकडा.

आणि तो आकडा काढणं अशक्य नाही. कॉलेजात असताना आम्ही वेताळ टेकडीवर जाऊन बसायचो, तिला पोरं 'एआरएआय टेकडी'च म्हणायची. वडापाव खात खाली कोथरूडचे दिवे बघायचो. एआरएआय म्हणजे नक्की काय याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचं ते ठिकाण. जाहिरातीत जो आकडा 'एआरएआय प्रमाणित' म्हणून छापतात तो तिच्या नावाचा. तिथं गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात : इतके सेकंद इतका वेग, मग थांबा, मग पुन्हा. वेग ताशी ९० च्या वर जात नाही, एसी बंद. म्हणजे तोच खेळ, फक्त रोलरवर. तोच रस्ता, तोच पाय, फक्त एक गोष्ट बदलायची. माझ्या घरच्या वहीला जे जमत नाही ते तिथं नक्की जमतं. त्याच गाडीत आधी ई-१०, मग ई-२०. ई-२० वरचा संशोधन अभ्यास झालेला आहेच, तो सरकारनंच निवेदनात सांगितलाय. मग मॉडेलवार आकडे पंपावर, सर्व्हिस सेंटरवर, निदान एखाद्या संकेतस्थळावर का नाहीत?

जपानचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोक म्हणतात, झालं सुरू यांचं परदेशपुराण. म्हणून इथली लाजही सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये मित्सुबिशीनं कबूल केलं की केई गाड्यांच्या इंधन चाचणीत त्यांनी आकडे फिरवले होते. सव्वासहा लाख गाड्या. त्यातल्या बऱ्याचशा निस्सानच्या नावानं विकल्या जात होत्या, आणि गडबड पकडली तीही निस्साननंच, स्वतः मोजून बघितल्यावर. आकडा छापणाऱ्यावर विसंबून राहायचं नसतं, हे जपानलाही असं शिकावं लागलं. पण त्यानंतर २०१७-१८ पासून डब्ल्यूएलटीसी नावाची नवी चाचणी आली आणि माहितीपत्रकावर एका आकड्याऐवजी एकूण आकडा आणि त्याखाली तीन वेगवेगळे छापायला लागले : शहरात किती, शहराबाहेर किती, हायवेला किती. जुन्या पद्धतीपेक्षा हे आकडे कमीच आले. कंपन्या बुडाल्या नाहीत. गिऱ्हाइकाला कळलं की रोजचं शहरातलं चालवणं असेल तर पहिला आकडा बघायचा, बस. आपल्याकडे अजून एकच मोठा आकडा असतो आणि शोरूममध्ये तो बघून गाडी घेणारा माणूस पुढची दहा वर्षं तो आकडा का येत नाही म्हणून बायकोला, मुलाला, ड्रायव्हरला आणि शेवटी म्हाताऱ्या बापाला दोष देत राहतो.

३० मार्च २०२४ ला आमच्या कोतो वॉर्डात, आरिआकेला, बिग साइट प्रदर्शन केंद्राच्या भोवतालच्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाड्यांची फॉर्म्युला-ई शर्यत झाली. अडीच किलोमीटरचा ट्रॅक, १८ वळणं. आपल्या महिंद्राची टीमही त्यात असते. या शर्यतीत पूर्ण वेळ पूर्ण वेगानं गेलं तर बॅटरी आधीच संपते, त्यामुळे ड्रायव्हर वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलतात, आणि वेग कमी करताना वीज परत बॅटरीत जाते. पुढं असलेला माणूस मुद्दाम दुसऱ्याला पुढं जाऊ देतो, त्याच्या आडोशानं वीज वाचवतो, आणि शेवटी हिशेब चुकता करतो. पहिल्या जागेवरून सुटलेला रोलंड दुसरा आला, गुंटर जिंकला. मी आप्पांना शर्यतीचा एक तुकडा पाठवला होता. त्यांनी तो तीनदा बघितला आणि कळवलं, "पांढऱ्या हेल्मेटवाला जुना डायवर दिसतोय. बघ, सिग्नल लांब असतानाच पाय काढला." सिग्नल वगैरे नव्हता तिथं, वळण होतं. पण मुद्दा त्यांना बरोबर कळला होता.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला तेव्हा मी खेळात नव्हतो, भांडी घासत होतो. त्यांनी नवा बेत सांगितला. आता तीन फेऱ्या एसी लावून मारायच्या, म्हणजे उन्हाळ्यात एसी किती खातो ते कळेल. वहीत त्यासाठी वेगळं पान आखलंय. मागून आईचा आवाज आला, "त्याला विचारा, या वेळी तरी एकादशी चालेल का म्हणून."